बसवून नेलेला माणूस

१

भवानी पेठेतल्या आमच्या घराला यंत्रमाग कारखान्याची भिंत लागून आहे. दिवसभर खटखट चालू असते. आम्हाला ती ऐकूही येत नाही, बाहेरून आलेला पाहुणा मात्र दोन वाक्यांत ओरडून बोलायला लागतो. दुपारी चारच्या सुमाराला माझी पुतणी अक्षता चिंचोळी एमआयडीसीतली पहिली पाळी संपवून घरी यायची. चंद्रिकावहिनी चहा टाकायची, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवायची, आणि मी त्या दिवशीच्या पेपरातल्या खोट्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवायचो. उभा जन्म बातमीदारीत गेला. खोटी बातमी मला वासावरून कळते. भाऊ गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, आणि हा चहा हाच आमचा दिवस.

अक्षताला नोकरी लागली तेव्हा वहिनीने गल्लीभर पेढे वाटले होते. बीएस्सी झालेली मुलगी, बसून काम, थंडगार खोली, न्यायला-आणायला मिनीबस. काम काय, तर ड्रोनने काढलेल्या शेतांच्या चित्रांवर संगणकात चौकोन काढायचे. हा ऊस, ही विहीर, हे जनावर. यंत्राला शेती शिकवतात म्हणे.

मग काही दिवसांनी ती दाराजवळच्या तिच्या नेहमीच्या जागी बसेनाशी झाली. जिन्याखाली धान्याच्या कोठीशेजारी बसू लागली, जिथे उजेड पोचत नाही. मी म्हटलं, उकाडा आहे. मग दिसलं, की दारातून कुणी गेलं की तिचं उजवं बोट गुडघ्यावर टेकायचं, तिरकं सरकायचं आणि उचललं जायचं. दूधवाली गेली, बोट सरकलं. मांजर गेलं, बोट सरकलं. मी म्हटलं, कामाची सवय. माझाही अंगठा अजून शाईचं पेन धरल्यासारखा वळतो.

एकदा वहिनी गच्चीवरून वाळलेल्या भाकरी घेऊन खाली आली.

"आई, वर किती वेळ होतीस?" अक्षताने विचारलं.

"का गं? गिरिजाबाई भेटली, बोलत उभी राहिले."

"दोघी एका जागी उभ्या राहत जाऊ नका. एकत्र दिसता."

"कुणाला दिसतो?" वहिनी हसली. "सासू हाय का वर माझी?"

अक्षता हसली नाही.

२

वहिनी देवळात गेल्यावर मी अक्षताला जिन्याखालीच समोर बसवलं. मंत्र्यांना बसवायचो तसं.

"शेतीचं काम आहे ना तुझं?"

"काका, त्या शेतांत पीक मी एकदाही पाहिलेलं नाही."

मग ती बोलत गेली. वरून माणूस माणसासारखा दिसत नाही, ठिपका दिसतो. ओळखायचा सावलीवरून. लांब सावली म्हणजे बाप्या, आखूड म्हणजे मूल. चौकोन काढायचा आणि बाजूला निवडायचं: पुरुष, बाई, मूल, जनावर, वाहन. त्याखाली आणखी एक रकाना: जिवंत की मृत.

"शेतात मृत कोण?"

"मीही विचारलं होतं. सर म्हणाले, जनावरं मरतात की."

मग तिला त्याच जागांची दुसरी चित्रं येऊ लागली. पहिल्या चित्रात अंगण, भिंत, दोरीवरचे कपडे. दुसऱ्यात भिंत नाही. पडलेल्यांचे चौकोन काढायचे. पडलेला पुरुष असेल तर चौकोन लाल होतो. लाल म्हणजे शत्रू.

"शत्रू आहे हे कसं कळतं?"

"पुरुष आहे आणि पडलाय. म्हणून."

मी कप खाली ठेवला. दंगली पाहिल्या, पूर पाहिले, भूकंपात मातीखालून हात ओढून काढले. कधी जेवणावरची वासना गेली नाही. त्या दिवशी तोंडातला चहाचा घोट मी मोरीत थुंकला. मेला म्हणून शत्रू, आणि शत्रू होता म्हणून मेला ते बरं. असा हिशोब माणसाच्या डोक्यातून निघतो, टेबलावर मांडला जातो, आणि सोलापूरच्या पोरींकडून भरून घेतला जातो.

"तू जिन्याखाली का बसतेस ते सांग."

भिंतीपलीकडे माग चालू होते.

"एका चित्रात चौघं जण एका माणसाला खुर्चीत बसवून नेत होते. खांद्यावर. मागे माणसांची रांग. मला काय वाटणार, काका? आजोबांना आपण कसं नेलं?"

आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, सजवलेल्या आसनावर मांडी घालून बसवतात आणि तसंच बसलेलं रुद्रभूमीपर्यंत नेतात. आमच्या घरातलं लहान पोरही बसून चाललेला माणूस आणि मागची रांग पाहिली की हात जोडतं.

"मी 'मृत' केलं," अक्षता म्हणाली.

तिथे प्रत्येक चित्र दोन मुलींना देतात. लांब लांब बसवून, एकमेकींना न विचारता. दोघींचं उत्तर जुळलं की ते खरं धरतात. अक्षतासोबतची दुसरी मुलगी दानेश्वरी, अक्कलकोटची. तीही आमच्यातलीच. तिनेही मृत म्हटलं.

"जुळलं," अक्षता म्हणाली. "आणि मयतीला जमलेले पुरुष मेलेल्याच्याच गटातले धरायचे, असा नियम आहे. मी पुढचं चित्र उघडलं, ते हलतं होतं. तोच रस्ता. त्या माणसाने हात वर केला, काका. उन्हासाठी. असा, डोळ्यांवर. म्हातारा होता, आजारी असेल, दवाखान्यात नेत असतील. तिकडच्या लोकांत मेलेल्याला बसवून नेतच नाहीत. मी बदलायला गेले. जुळलेलं एकटीला बदलता येत नाही. मग वरून काहीतरी पडलं आणि पडदा पांढरा झाला. नंतर पडलेली माणसं मोजायला ती चित्रं आमच्याकडेच आली."

"आणि तो म्हातारा?"

"त्याची खुर्ची चालली होती. धूर बसल्यावरही. चौघांनी धरलेली. हात तसाच डोळ्यांवर, बाही सैल, मळकी." तिने जिन्याखालच्या अंधारात आणखी पाय ओढले. "आधी त्याच गावात दिसायचा. मग दुसऱ्या गावाच्या चित्रांत. परवा सूत वाळत घातलेल्या अंगणात होता."

"सूत जगात कुठेही वाळत घालतात, बाळ."

"कुठेही असं लाल-पिवळं पाळीपाळीने घालतात का?"

३

चिंचोळीला मी सांगून गेलो नाही. सांगून गेलं की चहा मिळतो, बातमी मिळत नाही. अक्षताचं ऑफिस म्हणजे बंद पडलेल्या टॉवेल कारखान्याचा वरचा मजला होता. खाली अजून सूत रंगवायचं काम चालतं. व्यवस्थापक मल्लेश मला ओळखतो. पूर्वी तो टॉवेल विकायचा.

"अण्णाराव साहेब! पेपरवाले हिकडं कुटं वाट चुकले?"

"हे शेतीचं काम आहे, मल्लेश?"

"शेतीचं बी हाय की. सगळंच हाय. आमी चौकोन काढतो. आत काय हाय ते गिऱ्हाईक बघतंय."

"गिऱ्हाईक कोण?"

"परदेशी हाय. नाव म्हाईत न्हाय. तुमी छापणार आसाल तर त्याहून कमी म्हाईत हाय."

"माणसं मरतात याच्यात."

"जुनी चित्रं हायत ओ ती! मेलेले कवाच मेल्यात. पोरींच्या बोटानं कोण मरतंय? उलट चुका कमी व्हत्यात. आदी आख्खं गाव उडवायचे, आता नेमका माणूस. हे बघा की." त्याने भिंतीवरची पाटी दाखवली. अचूकता शहाण्णव टक्के.

"शहाण्णव कशावरून?"

"दोगींचं जुळतंय त्यावरनं."

"दोघी मिळून चुकल्या तर?"

"तर बी जुळतंयच की!" तो मनापासून हसला. मग माझा चेहरा पाहून त्याने चहा मागवला.

अचूक. या शब्दाची मला शिसारी बसली आहे. सेनाधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकला, मंत्र्यांच्या तोंडून ऐकला, टीव्हीवरच्या टाय लावलेल्या पोरांच्या तोंडून ऐकला. किती अचूक, ते मारणाराच मोजतो. कोण मेलं तेही तोच ठरवतो. विचारायला गेलं तर म्हणतो, आमच्याकडे आकडा आहे. आणि आकडा कुठून येतो, तर अक्कलकोटच्या एका पोरीला आणि भवानी पेठेतल्या एका पोरीला आपापल्या आजोबांची मयत एकदम आठवते, तिथून. पूर्वी निदान खून करणाऱ्याला हात धुवावे लागायचे.

मल्लेशने मला खोली दाखवली. लपवण्यासारखं त्याला काही वाटतच नव्हतं. खिडक्यांना काळं कापड, जुन्या सुताला लावलेल्या खळीचा आंबट वास, रांगेने बसलेल्या मुली. मी दारात उभा राहिलो. एकीनेही, अक्षतानेही, मान वळवली नाही. पण माझ्या बुटांचा आवाज झाला तसं सगळ्यांचं उजवं बोट टेकलं, तिरकं सरकलं आणि उचललं गेलं. सगळ्यांचं. एकदम.

मी स्वतःला समजावलं, नवं चित्र आलं असेल.

जवळच्या पडद्यावर एक आवार होतं. सुताच्या लडी वाळत घातल्या होत्या, लाल, पिवळ्या, पुन्हा लाल. त्यांच्यामधून चार ठिपके सारख्या अंतराने चालले होते, आणि मधोमध त्यांच्यापेक्षा उंच असं काहीतरी होतं. मी वाकलो. मल्लेश मध्ये आला.

"टेस्टिंगचं हाय ते. आपलंच आवार. लग्नात उडवतात त्यो साधा ड्रोन हाय."

खाली उतरून मी आवार पाहिलं. लडी होत्या. ऊन होतं. माणूस एकही नव्हता. रंगाऱ्यांची जेवणाची सुट्टी होती, असं दारावरचा रखवालदार म्हणाला. म्हणजे सगळ्याला उत्तर होतं. मी आकाशाकडे पाहायचं टाळलं आणि रिक्षात बसलो. मल्लेशच्या चहाचा गोड थर दातांवरून घरापर्यंत जाईना.

४

बातमी संपादकाने घेतली नाही. सोलापूरच्या वाचकाला त्याचं काय, असं म्हणाला. मी त्याला जे म्हटलं ते छापण्यासारखं नाही.

अक्षताला मी नोकरी सोडायला सांगितलं. ती तयार नव्हती.

"सोडली तर ते 'मृत' बदलणार कोण? दोघींनी एकदम 'जिवंत' म्हटलं तर दुरुस्ती होते. दानेश्वरी सोडून गेली. तिने परत येऊन एकदा म्हटलं पाहिजे."

मी दानेश्वरीला फोन लावला. मागे कुठेतरी कन्नडमध्ये कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"काका, अक्षताला सांगा, मी न्हाय म्हणणार," ती म्हणाली. "मृत म्हटलं तर मागच्या माणसांवर पडतंय. जिवंत म्हटलं तर त्या खुर्चीतल्यांवर पडतंय. आपण कायबी म्हटलं तरी पडतंयच."

"मग काय करायचं, पोरी?"

"त्यांच्याबद्दल बोलायचंच न्हाय. कुणाबद्दलच न्हाय." मग आवाज बारीक करून तिने विचारलं, "त्ये तुमच्याकडं आले का?"

"कोण?"

फोन ठेवला गेला होता.

त्या आठवड्यात वीज बंद असण्याच्या दिवशी माग थांबले आणि अक्षतालाही सुट्टी मिळाली. अशा दुपारी आमची गल्ली विचित्र वाटते, कानांवरून टोपी काढल्यासारखी. वहिनी पुढच्या खोलीत शेंगा सोलत होती. मी पेपर वाचत होतो. आणि मला घोंघाट ऐकू आला. बारीक, अखंड, पाण्याच्या मोटारीसारखा. पण वीज नव्हती.

मी स्वयंपाकघर पाहिलं. मोरी पाहिली. आवाज जिन्याखालून येत होता. तिथे चटईवर अक्षता झोपली होती, तोंड मिटलेलं. मी वाकलो तर घोंघाट तिच्या ओठांआड होता.

"झोपेत गुणगुणती ती," वहिनी मागून म्हणाली. "ल्हानपणापासून. तुमी कदी घरात होता का दुपारचं, भावजी?"

"बरोबर," मी म्हणालो. बरोबरच होतं. मी दुपारचा कधी घरात नसायचो.

पण मी तिथून हललो नाही. तो आवाज मोठा होत जायचा, मग लांब जायचा, मग परत फिरून जवळ यायचा, एखादी गोष्ट आमच्या घरावर घिरट्या घालत असावी तसा. आणि मुलीचं डोकं उशीवर अजिबात हलत नव्हतं. वहिनीच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

५

पुढच्या रविवारी, अक्षताच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी गल्लीच्या टोकाचे विरुपाक्ष आप्पा गेले. नव्वदीला टेकलेले, घरच्यांच्या हातून पाणी पिऊन गेलेले. गल्लीत मयत झाली की मागवाले माग बंद ठेवतात, तसे ते बंद होते. दुपारी अंत्ययात्रा निघाली तेव्हा भजनाचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मी दारात उभा होतो. आप्पांना सजवलेल्या आसनावर बसवलं होतं. झेंडूच्या माळा, कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, पाठीमागे फळीला बांधलेलं धोतर. चौघांच्या खांद्यावर आसन. मागे सगळी पेठ: तेलुगू विणकर, दर्ग्याजवळचे दुकानदार, आमची माणसं. सूर्य डोक्यावर होता.

अक्षता जिन्याखालून उठली, मला ओलांडून रस्त्यावर गेली आणि आसनापुढे आडवी उभी राहिली.

"उतरवा त्यांना," ती म्हणाली. "आधी नीट बघा."

भजन थांबलं. आप्पांचा मुलगा रेवणसिद्ध पुढे आला. रडून डोळे सुजलेले.

"अक्षता, काय चाललंय? बाजूला हो."

"बघितलं का तुम्ही? कुणी हात लावून बघितलं?"

"डॉक्टरनं बघितलं की!"

"एकट्याने?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पोरीला घरात न्या ओ अण्णाराव, लाज हाय का न्हाय." वहिनी दारात तोंडाला पदर लावून उभी होती. मी अक्षताचा दंड धरला. तिचा आवाज स्वच्छ होता.

"काका, तुम्ही बघा. तुम्ही सांगितलं तर मी मानेन. मग मी कामावरही जाणार नाही. शपथ. फक्त एकदा दुसऱ्या कुणीतरी बघून खरं सांगा."

मला तिला परत आणायचं होतं, एवढंच. रेवणसिद्धाने मान हलवली. चौघांनी आसन थोडं खाली केलं. मी आप्पांचा उजवा हात मनगटाशी धरला. फरशीसारखा गार. नाडी नाही. मी लहानपणापासून ओळखत असलेला हात होता आणि त्यात कुणी नव्हतं.

"मृत," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मृत," अक्षता म्हणाली. तिने सुस्कारा सोडला, कितीतरी दिवसांचा. "जुळलं."

ती बाजूला झाली आणि वहिनीने तिला कवेत घेतलं. आसन वर उचललं गेलं. भजन सुरू झालं. रेवणसिद्धाने जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला हायसं वाटलं. वाटतच होतं, आणि आसन आमच्या दारापुढून सावलीतून उन्हात गेलं.

आसनावरच्या माणसाने उजवा हात उचलला. घाई न करता, थोडा वैतागून, आणि डोळ्यांवर धरला.

मनगटाशी दुसऱ्याच कुणाचीतरी सैल, मळकी बाही होती.

बाकी कुणी पाहिलं नाही. सगळे खाली मान घालून गात होते. मी पाहिलं, आणि त्याच क्षणी मला आमची गल्ली दिसली. दारातून दिसते तशी नाही. वरून. अरुंद पट्टी, दोन्हीकडे गच्च्या, मध्ये बसलेला एक, आणि मागे ठिपक्यांची लांब रांग, बहुतेक पुरुष. मयतीला जमलेले. आणि मृत म्हणणारा मी. दोघांचं जुळलेलं.

"पांगा!" मी ओरडलो. "एकत्र राहू नका! रेवणसिद्ध, माणसं पांगव! घरात जा सगळे, भिंतीला लागून जा, एका जागी थांबू नका!"

भजन पुन्हा थांबलं. रांगेतली तोंडं माझ्याकडे वळली. मी मधे घुसलो, एकाला ढकललं, दुसऱ्याची कॉलर धरून त्याला बोळात लोटायला लागलो. वहिनी हाका मारत होती. माझा आवाज चिरकला तरी मी ओरडत राहिलो, जा, जा, लांब जा.

कुणी चिडलं नाही. आमची पेठ माणुसकीला कमी पडत नाही. "अण्णारावांना चक्कर आली," कुणीतरी म्हणालं. "आप्पा त्यांना बापासारके होते ओ. धरा त्यांना, पाणी आणा." रांग मोडली. पुढचे मागे फिरले, मागचे धावत आले, गच्चीवरची माणसं खाली उतरली, आणि मला धरायला सगळे माझ्याभोवती जमले.